रविवारचं सेंट

नाचायला येणाऱ्या पुरुषाने सेंट किती लावावं आणि कुठे लावावं, यावर प्रफुल्ल सर दर नव्या बॅचला एक छोटं भाषण द्यायचे. आधी आंघोळ, मग धुतलेलं बनियन, मग सेंट. आंघोळीऐवजी सेंट चालणार नाही. "एकच फवारा," ते सांगायचे, "छातीवर, बनियनच्या आत. मानेवर नको. मानेवर मारलंत तर समोरची बाई गाणंभर तुमच्या बाटलीबरोबर नाचते, तुमच्याबरोबर नाही. आणि घाम आला म्हणून वरून पुन्हा मारायचं नाही. शर्ट बदलायचा." पोरं हसायची, पण पुढच्या रविवारी पिशवीत जादा शर्ट घेऊन यायची.

धनश्रीने हे भाषण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी होती आणि आपण इथे कशाला आलो, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. पुरुषांच्या सेंटशी आपला काय संबंध, असं तिला वाटलं आणि तिने ते ऐकून सोडून दिलं.

ती सुरतेतल्या डिंडोलीची. माहेर तिथलंच, सासरही दोन गल्ल्या सोडून. दोन्ही घरं मूळची अमळनेरकडची, कापडाच्या कामासाठी सुरतेत येऊन राहिलेली. रिंग रोडवरच्या मार्केटात एका साडीच्या पेढीत ती ऑनलाइन ऑर्डरींचं काम बघायची. शेजारच्या टेबलावर प्रज्ञा बसायची, आणि प्रफुल्ल सर म्हणजे प्रज्ञाचे मावसभाऊ. वेसूला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांचा हॉल होता. आठवडाभर ते तिथे साल्सा आणि बचाटा हे जोडीचे नाच शिकवायचे आणि रविवारी संध्याकाळी 'सोशल' ठेवायचे. सोशल म्हणजे क्लास नव्हे. गाणी लागतात. ज्याला ज्याच्याबरोबर नाचायचं असेल त्याने हात पुढे करायचा, एक गाणं नाचायचं, थँक्यू म्हणायचं आणि दुसऱ्याकडे वळायचं.

प्रज्ञाने तिला नुसतं बघायला म्हणून नेलं होतं. मग कोणीतरी हात पुढे केला, धनश्रीने प्रज्ञाकडे पाहिलं, प्रज्ञाने तिला मागून हलकेच ढकललं, आणि ती गेली.

तिथे तिला काय मिळालं ते तिला सांगता आलं नसतं. घरात तिचा हात ज्याने त्याने धरला तो काहीतरी मागण्यासाठी. मुलीला वेणी हवी असायची, सासूबाईंना गोळ्या, नवऱ्याला डबा. इथे हात धरणारा फक्त कुठे वळायचं ते सुचवायचा. वळायचं की नाही, किती वळायचं, हे तिच्या हातात. आणि गाणं संपलं की दोघेही मोकळे. नंतर कोणी विचारत नाही, कुठे होतीस, उशीर का झाला.

घरी सांगावं असं तिला वाटलं होतं. तिने एकदा जेवताना विषय काढून पाहिला, स्वतःचं नाव न घेता.

"आमच्या ऑफिसातली ती प्रज्ञा आहे ना, ती डान्सला जाते. जोडीजोडीने नाचतात तसं."

भूपेंद्र, तिचा नवरा, कडोदऱ्याला एका डाईंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात सुपरवायझर होता. माणूस शांत, कुणाशी भांडण नाही, व्यसन नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हसला. "परक्या माणसाच्या हातात हात देऊन? गरब्यात निदान मधे दांडिया तरी असतो."

सासूबाईही हसल्या. धनश्रीही हसली. तिथेच तो विषय मिटला, आणि पुढच्या रविवारी ती घरातून निघाली ती "सेलचं काम आहे, ऑर्डरी काढायच्यात" असं सांगून. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. नंतर सवय झाली.

हॉलवर ती सगळ्यांबरोबर नाचायची, पण बचाटा असला की योगेंद्रभाईंबरोबर. योगेंद्रभाई इन्शुरन्सच्या ऑफिसात होते, सुरतेचेच, पन्नाशीच्या आसपासचे. बोलायचे कमी, आणि हात असा धरायचे की जणू हातात भरलेली वाटी आहे. धनश्री त्यांना भाई म्हणायची आणि ते तिला बेन. त्या भाई-बेनमुळे तिला धीर यायचा. त्यांच्यात दुसरं काही नव्हतं, आणि व्हावं असं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. पण बचाटा हा जवळून नाचायचा नाच. तिचं कपाळ त्यांच्या हनुवटीखाली यायचं, उजवा गाल शर्टाच्या खिशाजवळ, आणि तिथे तो वास असायचा. आधी लिंबासारखा, मग पाणी मारलेल्या वाळ्याच्या पडद्यासारखा, आणि त्याच्याही खाली सुक्या लाकडासारखं काहीतरी.

"चांगलं आहे तुमचं सेंट," ती एकदा सहज म्हणाली.

योगेंद्रभाई खुलले. तेवढ्या एका विषयावर ते भरभरून बोलले. चंदनाचं आणलं होतं, ते घामात आंबलं. गोडसर आणलं, तर एका मुलीचं डोकं दुखायला लागलं. हे तिसरं. "दुकानात कागदाच्या पट्टीवर सगळीच छान लागतात, बेन. मी हे हातावर मारून घेतलं, तासभर मॉलमध्ये जिने चढलो-उतरलो, घाम आणला, आणि मग विकत घेतलं." बूट ठेवायच्या पिशवीतून त्यांनी बाटलीही काढून दाखवली. चौकोनी, निळसर काचेची.

तो वास घरी येतो आहे, हे धनश्रीला कळलं ते सासूबाईंमुळे.

सुभद्राबाई दारातच गहू निवडत बसल्या होत्या. धनश्री चपला काढून आत जायला वाकली, तशी त्यांनी मान वर केली.

"तुना अंगले कसाना वास येस वं?" त्यांनी विचारलं. घरात त्या अहिराणीच बोलायच्या.

"मार्केटातला असेल, आई. नवीन मालाला मारतात काहीबाही."

सुभद्राबाई नुसत्या बघत राहिल्या, ती आत जाईपर्यंत. आत भूपेंद्र टीव्हीवर बातम्या बघत होता. त्याने मान वळवली नाही.

तेव्हापासून धनश्रीची रविवारची संध्याकाळ आधी होती तशी राहिली नाही. ती निघताना केसांना खोबरेल तेल थापायला लागली. पिशवीत दुसरा कुर्ता न्यायची, हॉलच्या बाथरूममध्ये तोंड, मान, हात साबणाने चोळायची, कुर्ता बदलायची, आणि वेसूहून बसमध्ये बसली की खिडकी उघडून तोंड वाऱ्याला द्यायची. उधन्याला उतरून रिक्षाही उघडी बघून घ्यायची. तरी तो वास कुठेतरी राहायचाच. कानामागे, ओढणीच्या टोकाला, पिशवीच्या आत. ती स्वतःच स्वतःला हुंगत असायची. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईने तिच्याकडे एकदा चमत्कारिक नजरेने पाहिलंही.

एका सोमवारी वाळलेले कपडे घड्या करताना सुभद्राबाईंनी ओढणी नाकाला लावली. धनश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि त्यांना ते माहीत होतं.

"मना आंडोरना वास मी वळखस," त्या म्हणाल्या. "हाऊ त्याना नही शे."

माझ्या मुलाचा वास मी ओळखते, हा त्याचा नाही. एवढं बोलून त्यांनी ओढणीची घडी केली आणि बाकीच्या कपड्यांवर ठेवून दिली.

पुढच्या रविवारी धनश्री योगेंद्रभाईंना हॉलच्या बाहेर गॅलरीत घेऊन गेली. काय बोलायचं ते तिने बसमध्ये घोकलं होतं. ते सगळं ऐनवेळी विसरली.

"भाई, तुम्ही सेंट नाही लावलंत तर चालेल का?"

योगेंद्रभाईंचा चेहरा एकदम उतरला. "वास येतो का? घामाचा?"

"नाही, नाही. तसं नाही."

"मग जास्त होतं का? डोकं दुखतं?"

"तसंही नाही."

"मग?"

'मग'चं उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. घरी काय सांगून येते, सासू काय हुंगते, नवरा काय म्हणाला होता. योगेंद्रभाई मान हलवून आत गेले, बाथरूममध्ये बराच वेळ नळ चालू होता, आणि बाहेर आले तेव्हा शर्टची छाती ओली होती. त्या दिवशी ते तिच्याबरोबर नाचले ते हातभर अंतर ठेवून, श्वास रोखल्यासारखे. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी तिला विचारलंच नाही. भिंतीपाशी उभे राहून ते हळूच स्वतःची बाही हुंगताना तिने पाहिलं, आणि तिला इतकी शरम वाटली की ती सरळ त्यांच्यापाशी गेली. "भाई, माझं चुकलं. तुम्ही लावत जा. खरंच छान आहे ते." त्यांनी विश्वास ठेवला की नाही कोण जाणे, पण हात पुढे केला.

मग तिला ती युक्ती सुचली. सुचली तेव्हा ती खूप हलकी झाली होती, हे नंतर तिला आठवायचं.

मार्केटला सुट्टी होती अशा एका दिवशी ती पिपलोदच्या मॉलमध्ये गेली. दुकानातल्या पोराने पट्ट्यांवर फवारे मारून एकेक पुढे केली. "सरांसाठी ना, मॅडम? सर कसे आहेत? ऑफिसवाले की स्पोर्टी?" भूपेंद्र कसा आहे हे सांगायला तिला शब्द सापडेना. तिने फळीकडे बोट केलं. निळसर, चौकोनी. तरी खात्री म्हणून मनगटावर मारून घेतलं, आणि लिंबू उडून वाळा वर येईपर्यंत मॉलमध्ये फिरत राहिली. तोच होता.

लग्नाच्या वाढदिवसाला तिने ती बाटली भूपेंद्रच्या हातात ठेवली. त्याने आयुष्यात टाल्कम पावडरपलीकडे काही लावलं नव्हतं. तो बाटली उलटीसुलटी करून बघत राहिला. मग झाकण काढून मानेवर, काखेत, शर्टवर, सपासप मारायला लागला.

"अहो, असं नाही," धनश्री हसत पुढे झाली. "एकच फवारा. छातीवर, बनियनच्या आत. आणि घामावर परत मारायचं नाही."

भूपेंद्रचा हात थांबला. "तुला बरंच माहीत आहे."

"दुकानदाराने सांगितलं."

"हं," तो म्हणाला, आणि त्याने बनियनचा गळा ओढून आत एक फवारा मारला.

त्या दिवसापासून तो रोज लावायला लागला. सकाळी कडोदऱ्याला निघताना, संध्याकाळी आंघोळीनंतर. मिलमधले लोक चिडवतात म्हणून सांगायचा आणि तरी लावायचा. सुभद्राबाईंनी ओढण्या हुंगणं सोडलं. हुंगून काय करणार, घरभर तोच वास होता. उशांना, टॉवेलला, मुलीच्या दप्तराला. धनश्रीने तेल थापणं बंद केलं, दुसरा कुर्ता न्यायचं बंद केलं. आता तिला कोणी पकडणार नव्हतं.

आणि तिथूनच तिचा जीव गुदमरायला लागला. हॉलवर योगेंद्रभाईंच्या हनुवटीखाली डोकं गेलं की तिला स्वयंपाकघर दिसायचं, ओट्यावरचा कुकर, दारात उभा भूपेंद्र. पाय चुकायचे. योगेंद्रभाई विचारायचे, "बेन, बरं नाही का?" आणि घरी भूपेंद्र जवळ आला की पायांना गाणं आठवायचं, ती आपसूक ताठ व्हायची, आणि तो मुकाट्याने कूस बदलायचा. आधी तिची एक जागा होती, दुसरी जागा होती, मधे बसचा रस्ता होता. आता कुठेही गेलं तरी एकच जागा. ती तिने स्वतः विकत आणली होती.

रविवारी एकदा ती निघाली तेव्हा भूपेंद्र बाईकची किल्ली घेऊन दारात उभा होता.

"चल, सोडतो."

"कशाला? बस आहे ना."

"मला तिकडेच काम आहे."

ती मागे बसली. वारा समोरून येत होता आणि वाऱ्याबरोबर त्याच्या अंगाचा तो वास. उधना दरवाजाच्या अलीकडे त्याने बाईक रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि हेल्मेट काढलं. मागे न बघता म्हणाला, "मार्केट रविवारी बंद असतं, धनश्री. मी कापडाच्याच धंद्यात आहे."

"ऑनलाइनवाल्यांचं चालू..."

"असेल." त्याने हेल्मेट मांडीवर घेतलं. "हे जे सेंट आहे ना, ते मला आधीपासून माहीत होतं. तू बाटली आणायच्या आधी त्याचा वास आपल्या घरात यायचा. दर रविवारी."

शेजारून एक टेम्पो कापडाच्या गाठी घेऊन गेला.

"मग तुम्ही लावता कशाला?"

"म्हटलं, तुला आवडत असेल."

तो रागावून बोलला असता तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं. तिने बाईकवरून उतरून, भर रस्त्यात, त्याला सगळं सांगितलं. प्रज्ञा, हॉल, प्रफुल्ल सर, सोशल, योगेंद्रभाई, ओला शर्ट, पिपलोदचं दुकान. काहीही सोडलं नाही. ती रडत नव्हती, पण आवाज तिचा तिलाच ओळखू येत नव्हता. भूपेंद्र ऐकत होता आणि हेल्मेटच्या काचेवरची धूळ अंगठ्याने पुसत होता.

"नुसतं नाचता?"

"नुसतं नाचतो."

"बरं," तो म्हणाला. "कुठे आहे? दाखव."

हॉलच्या दाराशी त्याने चपला काढल्या. इथे कोणी चपला काढत नाही, नाचाचे बूट घालतात, हे तिने सांगितलं तरी त्याने त्या पुन्हा घातल्या नाहीत. भिंतीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तो बसला, धनश्रीची पिशवी मांडीवर घेऊन. प्रफुल्ल सर लगबगीने आले. "या ना भाऊ, फ्लोअरवर या." "नको, मी बघतो," भूपेंद्र म्हणाला. नंतर योगेंद्रभाई आले, नमस्कार केला, हात मिळवायला वाकले, आणि वाकता वाकता थबकले. दोघांच्या मधे तो एकच वास होता, कुणाचा कुठला ते सांगता येत नव्हतं.

"आपण एकच वापरतो वाटतं," योगेंद्रभाई कसंबसं हसले.

"बायकोने आणलं," भूपेंद्र म्हणाला.

योगेंद्रभाईंनी धनश्रीकडे पाहिलं. गॅलरीतल्या त्या दिवशीच्या 'मग'चं उत्तर त्यांना आत्ता मिळालं होतं. त्या रविवारनंतर ते सेंट न लावता यायला लागले, बचाटा सुरू झाला की पाणी प्यायला बाहेर जायला लागले, आणि मग यायचेच बंद झाले.

भूपेंद्र मात्र दर रविवारी येत राहिला. घरी सुभद्राबाईंनी तोंड उघडायच्या आत त्याने सांगून टाकलं, "मी असतो ना सोबत." त्यापुढे त्या काय बोलणार! गल्लीतल्या बायका धनश्रीला म्हणायच्या, कसा नवरा मिळालाय तुला, आमचा असता तर पाय मोडला असता. प्रज्ञाही म्हणाली, लकी आहेस. तो पिशवी सांभाळायचा. गाण्यांच्या मधे पाण्याची बाटली उघडून पुढे करायचा. कधी मोबाइल बघायचा नाही, पेंगायचा नाही. ती ज्या बाजूला जाईल त्या बाजूला त्याची मान हळूहळू वळायची. रागाने नाही, कौतुकानेही नाही. मिलमध्ये कापड पट्ट्यावरून पुढे सरकताना डाग शोधत बघायची सवय होती त्याला. तसंच बघायचा.

तिच्या खांद्यांना ते कळायचं. ते सैल सोडताच येईनात. प्रफुल्ल सर म्हणाले, "धनश्री, हात लाकडासारखा झालाय तुझा." मग त्यांनी भूपेंद्रलाच एकदा उठवलं, बळेबळे. तो आला. त्याने तिचा हात धरला, रस्ता ओलांडताना मुलीचा धरतो तसा, घट्ट. चार पावलं टाकली, तिच्या बोटांवर पाय दिला, "सॉरी, सॉरी" म्हणाला, आणि अर्ध्या गाण्यात घाम पुसत खुर्चीवर जाऊन बसला. तिला त्याची कीव आली, मायाही आली, आणि त्या दोन्हींच्या खाली एक जड, काळं काहीतरी होतं. चांगल्या माणसाची तक्रार कुणाकडे करायची?

सगळ्यात वाईट झालं ते वेगळंच. हॉलवरचे पुरुष तिला विचारेनासे झाले. ते त्याला विचारायला लागले. आधी खुर्चीजवळ जायचे, "भाई, एक गाणं?" म्हणायचे, भूपेंद्र मान हलवायचा, आणि मग ते तिच्याकडे हात पुढे करायचे. अदबीने करत होते सगळे. भूपेंद्रलाही ते आवडायला लागलं असावं. तो आता खुर्चीत सरळ बसायचा, आणि मान हलवायच्या आधी माणूस वरून खालपर्यंत बघून घ्यायचा.

एका रविवारी सुकदेव नावाचा एक नवा मुलगा आला. त्यानेही दुसऱ्यांचं बघून तसंच केलं. भूपेंद्रपाशी गेला, वाकला, विचारलं. भूपेंद्रने मान हलवली. सुकदेव वळला आणि त्याने धनश्रीकडे हात केला.

"मला विचारा," धनश्री म्हणाली.

गाणं मोठ्याने चालू होतं. "काय?"

"मला विचारा. नाचायचं मला आहे."

सुकदेव गोंधळला. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. मग त्याने विचारलं, "नाचणार का?" आणि ती म्हणाली, "नाही. आज नाही." आणि खुर्चीपाशी जाऊन तिने आपली पिशवी उचलली.

खाली पार्किंगमध्ये भूपेंद्र बाईकला किल्ली लावत होता. तिने आधी काही घोकलं नव्हतं.

"पुढच्या रविवारी तुम्ही येऊ नका."

"का? कोणी काही बोललं का तुला?"

"नाही. मला एकटीला यायचंय. सांगून येईन. कुठे जाते, केव्हा येते, सगळं सांगून. पण एकटी."

"मी तुला अडवतो का?"

"नाही."

"कधी काही बोललो?"

"नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

भूपेंद्र बाईकवर बसला नाही. किल्ली काढून पुन्हा हातात घेतली. शेजारच्या गाडीची सावली त्याच्या तोंडावर होती, त्यामुळे तिला चेहरा नीट दिसेना.

"मग मी रविवारी काय करू?" त्याने विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं. धनश्रीला एकदम वाटलं, राहू दे, या म्हणावं, बसा खुर्चीवर. शब्द तोंडापर्यंत आले होते. तिने ते गिळले.

"ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली.

आठवडाभर कामापुरतंच बोलणं होतं. सुभद्राबाईंना काहीतरी कळलं होतं, कारण त्या भांडी आपटत होत्या. रविवारी दुपारी धनश्रीने केस विंचरले, बुटांची पिशवी घेतली आणि सांगितलं, "वेसूला जाते. आठपर्यंत येईन." भूपेंद्र मुलीला गणितं समजावत बसला होता. त्याने वर पाहिलं आणि "बरं" म्हणाला.

हॉलवर खुर्ची रिकामी होती. तिने दोन-तीनदा तरी त्या खुर्चीकडे पाहिलं. नाचताना पाठ अजून ताठ होती. कोणी विचारलं, ती गेली. कोणी विचारलं नाही, तेव्हा तिने स्वतः जाऊन विचारलं.

घरी आली तर भूपेंद्रने खिचडी टाकून ठेवली होती. ताट वाढता वाढता तो म्हणाला, "कुणाकुणाबरोबर नाचलीस?"

तिने नावं सांगितली. सगळी. तो एकेका नावाला मान हलवत होता.

"आणि ते योगेंद्रभाई?"

"ते आता येत नाहीत."

"हं."

पुढच्या रविवारीही त्याने तसंच विचारलं, तितक्याच हळू आवाजात, आणि तिने पुन्हा नावं सांगितली. त्याच्या पुढच्या रविवारी हॉलवर गर्दी होती, बडोद्याहून एक ग्रुप आला होता, आणि ती एकामागून एक नाचत राहिली. शेवटी प्रफुल्ल सरांनी दिवे लावले तेव्हा कुठे थांबली.

"आज कुणाकुणाबरोबर?" भूपेंद्रने विचारलं.

धनश्रीने आठवायचा प्रयत्न केला.

"नाही आठवत," ती म्हणाली. ते खरं होतं.

तो तिच्याकडे बघत राहिला. सुभद्राबाईंनीही हातातलं काम थांबवलं होतं. धनश्रीने नजर खाली केली नाही. मग भूपेंद्रने ताट तिच्याकडे सरकवलं.

"जेवून घे," तो म्हणाला, "गार होतंय."